आधी आपली चूक

आमच्या घरी कुठलाही कार्यक्रम पार पडला की नंतर डीब्रीफ व्हायचं. हा शब्द ह्यांनी फौजेतून आणला होता, लोखंडी ट्रंका आणि पितळी फुलदाण्यांबरोबर. हेलिकॉप्टरमधून उतरल्यावर शिकवणाऱ्यानं आणि शिकणाऱ्यानं समोरासमोर बसायचं आणि वर काय काय चुकलं ते बोलायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याचा एक नियम होता आणि तो ह्यांच्या हाडीमाशी मुरला होता. सुरुवात शिकवणाऱ्यानं करायची, तीही स्वतःच्या चुकीपासून. मग शिकणाऱ्यानं आपली सांगायची. दुसऱ्याची चूक कुणीच सांगायची नाही.

पाहुणे जेवून गेले की हे हात पुसत म्हणायचे, "माझी चूक. मी त्यांना श्रीखंडाचा आग्रह केला नाही. आता तू."

"माझी काही चूक नाही."

"आमटी?"

"आमटी उत्तम झाली होती. आणि तुम्ही आत्ता माझी चूक सांगितलीत. तुमच्याच नियमात ते बसत नाही."

मग हे हसत उठायचे. मी तापट आहे आणि हे थंड, असं आमच्याबद्दल दोन्हीकडचे नातेवाईक बोलत. थंड माणसाशी भांडण्यात काय हाल होतात ते त्या नातेवाईकांना ठाऊक नव्हतं. एकदा मराठी मंडळाच्या बसनं आम्ही पानिपतजवळ काला अंबला गेलो होतो. लढाईच्या स्मारकापाशी सगळे गहिवरून उभे होते. कुणी या सरदाराला नावं ठेवत होतं, कुणी त्या सरदाराला. हे शांतपणे म्हणाले, "सगळे दुसऱ्यांच्याच चुका सांगतायत." परतीच्या प्रवासात आमच्याशी फारसं कुणी बोललं नाही, आणि चिवड्याची पिशवी आमच्या सीटपर्यंत आलीच नाही.

ह्यांनी आर्मीतून वेळेआधी निवृत्ती घेतली ती नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात. देशात पैसा नव्यानं खुळखुळायला लागला होता. मोठ्या कारखानदारांना हेलिकॉप्टर हवं होतं, निवडणूक आली की पुढाऱ्यांना हवं होतं, आणि ती चालवणारे सगळे फौजेत होते. गुडगावात एका नव्या कंपनीनं चार मशिनं घेतली आणि फौजेतून आलेल्या पायलटांना ती नवी मशिनं शिकवायला ह्यांना नेमलं. कॅन्टोन्मेंटमधलं पेरूच्या झाडाचं घर सोडून आम्ही दिल्लीच्या टोकाला, द्वारकेला आलो. फौजी लोकांची हाउसिंग सोसायटी होती. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता, पाणी टँकरनं यायचं, आणि मेट्रो येणार येणार हे फक्त प्रॉपर्टी डीलरांकडून ऐकू यायचं. डोक्यावरून मात्र दिवसभर विमानं जात. आमच्या बाल्कनीतून चाकं दिसायची. मी करोल बागेतल्या एका शाळेत गणित शिकवत होते, आणि सकाळी चार्टर्ड बस पकडायला धुळीतून जाताना रोज ह्यांच्या निवृत्तीचा उद्धार करत होते.

पण हे खुशीत होते. ह्यांना उडवण्यापेक्षा शिकवणं जास्त आवडायचं. कुणी चांगलं शिकला की घरी येऊन दोन पोळ्या जास्त खायचे.

त्या शिकणाऱ्यांत एक कराडकडचा मुलगा होता. मुलगा म्हणजे तिशी गाठलेला माणूस, पण मला तो मुलगाच वाटायचा. फौजेत ह्यांच्याच युनिटात होता, ह्यांच्यामागोमाग बाहेर पडला. तिथं तो मला "मॅम" म्हणायचा. द्वारकेत पहिल्या दिवशी तसं म्हणाला तेव्हा मी म्हटलं, "आता मी कुणाची मॅम नाही, वहिनी म्हण." तेव्हापासून तो दर रविवारी नवीन लग्नाची बायको घेऊन जेवायला यायचा. ती बिचारी गावाहून थेट दिल्लीत आलेली. भाजीवाल्याशी हिंदीत बोलायची वेळ आली की नुसतं बोट दाखवायची. तिला स्वेटर घ्यायला मीच करोल बागेत घेऊन गेले होते. तिथं दुकानदाराला तिनं मराठीतच सुनावलं आणि भाव कमी करून घेतला. तेव्हापासून मला ती आवडायला लागली.

ह्या लोकांच्या शिकवणीत एक धडा असतो तो इंजिन बंद पडल्याचा. मला तो ह्यांनी जेवणाच्या टेबलावर लाटणं हातात धरून समजावला होता. इंजिन बंद पडलं म्हणून हेलिकॉप्टर लगेच धोंड्यासारखं पडत नाही. पायलटच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो चटकन खाली दाबला की वरची पाती नुसत्या वाऱ्यावर फिरत राहतात आणि मशीन घसरत खाली येतं. जमीन अगदी जवळ आली की मगच दांडा वर ओढायचा. पात्यांत साठलेला जोर तेवढा एकदाच वापरता येतो, त्यात अलगद टेकायचं. घाबरून आधी ओढला तर तो जोर वरच संपतो, आणि मग मात्र धोंडाच. दोन खुर्च्यांना दोन दांडे असतात, पण ते आतून जोडलेले. एक हलला की दुसरा हलतो. सरावात शिकवणारा न सांगता इंजिनाचा जोर काढून घेतो आणि बाकी सगळं शिकणाऱ्यावर सोडून हात मांडीवर ठेवून बसतो. फारच चुकतंय असं दिसलं तर तो म्हणतो, "आय हॅव कंट्रोल." हे ऐकलं की शिकणाऱ्यानं त्या क्षणी सगळं सोडून द्यायचं.

"हात मांडीवर ठेवून बसवतं तुम्हाला?" मी विचारलं होतं.

"तेच तर शिकवणं आहे. सारखा हात लावला तर तो शिकणार काय?"

गुडगावच्या पुढे कंपनीनं सरावासाठी एक मोकळं रान भाड्यानं घेतलं होतं. आजूबाजूला मोहरीची शेतं होती, आणि शेतांच्या कडेला येणाऱ्या फ्लॅट्सचे मोठमोठे बोर्ड. थंडी संपत आली होती. मी नववीच्या वर्गावर असताना शिपाई सांगायला आला की ऑफिसात फोन आहे. पलीकडे कंपनीचा मॅनेजर होता. "मॅडम, घबराने की बात नहीं है," एवढं म्हणून तो क्षणभर थांबला. तेवढ्यात मी काय काय बघितलं ते सांगत नाही. सराव करताना हेलिकॉप्टर आपटलं, शेपूट तुटलं, मशीन कलंडलं, दोघंही जिवंत आहेत, सरांच्या पाठीला मार आहे, असं त्यानं मग सांगितलं. रिक्षात मी सबंध रस्ताभर त्या रिक्षावाल्याशी भांडले, कारण रडायचं नव्हतं. तोही भला माणूस, सगळं ऐकून घेत सुसाट चालवत राहिला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर तो मुलगा बसलेला होता. कपाळाला बँडेज, अंगात मातीनं भरलेला ओव्हरॉल, केसांत मोहरीची पिवळी फुलं. मला बघून तो उभा राहिला. मी थांबले नाही. आत हे पाठीवर सरळ झोपले होते. पाठीचा एक मणका चेपला होता. पाय हलत होते. डॉक्टरांनी ते माझ्यासमोर हलवून दाखवायला सांगितले तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आला. पिवळ्या कागदात गुंडाळलेली फळांची टोपली, गळ्यात टाय, वागणं अगदी अदबीचं. त्याच्या मागोमाग तो मुलगा आला. त्याला बघताच ह्यांचा चेहरा उजळला.

"बस," हे म्हणाले. "डीब्रीफ करून टाकू."

"आत्ता?" मी म्हटलं.

"आत्ताच. उशीर झाला की माणूस सुधारून सांगतो."

आणि छताकडे बघत, हलता येत नव्हतं म्हणून, हे बोलायला लागले. मॅनेजर समोर आहे याचं ह्यांना भानही नव्हतं. आपल्या युनिटातल्या क्रू-रूममध्येच बसलो आहोत असं ह्यांना वाटत असावं.

"माझी चूक. तू म्हणालास, सर, आज बस करू, हात जड झालेत. मी म्हटलं, शेवटचं एक. ते द्यायला नको होतं. दुसरी चूक. हात घालायला हवा होता तेव्हा मी नुसता बघत राहिलो. कंट्रोल उशिरा घेतला. झालं. आता तू."

तो मुलगा पलंगाच्या पायाशी उभा होता. त्यानं ह्यांच्याकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं, मग सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिला.

"सर, तुम्ही आधी बरे व्हा," तो शेवटी म्हणाला.

मॅनेजरला मराठी येत होतं थोडंफार, मुंबईत शिकलेला होता. त्यानं हळूच विचारलं, "मतलब सर, गलती आपकी साइड से थी?"

"मेरी जितनी थी, मैंने बोल दी," हे म्हणाले.

मॅनेजरनं मान डोलावली. त्याला डीब्रीफ ठाऊक नव्हतं. त्यानं एक माणूस चूक कबूल करताना ऐकला आणि दुसरा गप्प बसलेला बघितला, आणि ऑफिसात जाऊन तेवढंच सांगितलं. त्यात त्याचं काय चुकलं? फौजेच्या बाहेरच्या जगात असं पलंगावर पडून आपण होऊन आपली चूक कोण सांगतो! तिथं माणसं आधी वकील गाठतात.

आठवडा संपायच्या आत कंपनीचा निरोप आला. चौकशी होईपर्यंत ह्यांचं शिकवणं बंद. चौकशीत सगळी चूक ह्यांचीच ठरली तर शिकवायचा अधिकार कायमचा जाणार. तेव्हा मला कळलं की मणक्यापेक्षा मोठं काहीतरी मोडायला आलंय. हे उडवल्याशिवाय एक वेळ राहिले असते. पण शिकवायला मिळालं नाही तर हे घरात बसून वाळून गेले असते, हे मला पक्कं माहीत होतं.

"अहो, त्यानं काय केलं ते सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"त्याचं त्यानं सांगायचं."

"आणि तो नाही बोलला तर?"

"तर नाही बोलला."

"मला तरी सांगा."

"तुला सांगितलं तर उद्या सगळ्या सोसायटीला कळेल."

"मी काय दवंडी पिटते का?"

"तशी नाही. पण राग आला की तुझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो." हे हसले, आणि पाठीत कळ आली म्हणून तोंड वाकडं केलं. मग गंभीर होऊन म्हणाले, "त्यालाही विचारू नकोस. प्लीज. ओढून काढलेलं काही उपयोगाचं नसतं."

ह्यांना घरी आणलं. पलंगावर गादीऐवजी फळी टाकली. छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा बांधला होता, त्यामुळे हे बसले की सिंहासनावर बसल्यासारखे दिसायचे. विमान डोक्यावरून गेलं की बोलता बोलता थांबायचे. रविवारी तो मुलगा यायचा बंद झाला. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत त्याला काय काय बोलत असे ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्याच्या पानात मी इतके रविवार वाढलं, तो माणूस ह्यांची आयुष्यभराची कमाई आपल्या गप्प तोंडात धरून बसला होता. मला त्याचा राग आला होता आणि तो अगदी रास्त राग होता, असं मला आजही वाटतं.

एका दुपारी दार वाजलं. त्याची बायको होती, एकटी. बस बदलत बदलत गुडगावहून आली होती, हातात पिठल्याचा डबा.

"सरांना आवडतं म्हणून," ती म्हणाली.

मी डबा घेतला. नाही म्हटलं तरी माणुसकी असते. पण माझी जीभ काही गप्प बसली नाही. "नवऱ्याला सांग, पिठलं नको पाठवूस, तोंड उघड."

ती दारातच रडायला लागली. मग मला तिला आत बसवावं लागलं, पाणी द्यावं लागलं, आणि माझा अर्धा राग तिथंच गळून गेला.

"वहिनी, मी रोज सांगते त्यांना," ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "मला सगळं नाही माहीत. पण काहीतरी आहे. जेवताना मधेच थांबतात, हाताकडे बघत बसतात. म्हटलं, सांगून टाका ना. तर म्हणतात, सांगितलं तर मला परत वर कोण नेईल? कोण बसेल माझ्या शेजारी?"

मला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा पुन्हा राग आला. तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला, "पिठल्याचा वास येतोय. कोण आलंय?" ती डोळे पुसून आत गेली. हे तिला म्हणाले, "अगं, बस. हिंदी कितपत आली?" आणि पुढचा अर्धा तास दोघं भेंडीला, दोडक्याला हिंदीत काय म्हणतात यावर बोलत बसले. अपघाताचा विषय ह्यांनी काढलाच नाही. जाताना एवढंच म्हणाले, "त्याला सांग, मी चिडलेलो नाहीये."

"पण मी चिडलेय," मी म्हटलं.

"तेही सांग," हे म्हणाले.

चौकशी कंपनीच्या ऑफिसात होती. गुडगावात तेव्हा उभ्या राहायला लागलेल्या काचेच्या इमारतींपैकी एक. बाहेर रस्ता नव्हता, गटार उघडं होतं, आणि आत मात्र पाय घसरेल असा चकचकीत संगमरवर. ह्यांना टॅक्सीत बसवून मीच घेऊन गेले. चौकशी करणारे तिघं होते. खोलीची भिंतसुद्धा काचेची, बाहेर सोफा. बाहेरून सगळं दिसायचं, ऐकू काही यायचं नाही. अशा खोल्या बांधणाऱ्यांच्या डोक्यात काय असतं कोण जाणे. सोफ्याच्या एका टोकाला मी बसले, दुसऱ्या टोकाला तो मुलगा आणि त्याची बायको. मध्ये बराच सोफा रिकामा होता.

हे आधी आत गेले. पट्ट्यामुळे ताठ बसून बोलत होते. काय बोलत असणार ते मला पाठ होतं. त्या तिघांनी काहीतरी विचारलं, ह्यांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. काच फोडून आत जावं आणि ह्यांना गदागदा हलवावं असं वाटलं, मणका गेला उडत.

मग त्याला बोलावलं. हे तिथंच बसून राहिले, फक्त खुर्ची बाजूला सरकवली. तो मुलगा बसला. तिघांपैकी मधल्या गृहस्थांनी विचारलं असावं. तो खाली बघत राहिला. शेजारी त्याच्या बायकोनं माझा हात धरला. सोफ्याच्या त्या टोकावरून ती कधी सरकत आली मला कळलंच नाही.

आणि मग त्यानं डावा हात खुर्चीच्या बाजूला खाली नेला आणि मूठ वळली. आमच्या टेबलावर हे लाटणं धरून दाखवायचे तशीच. ती मूठ त्यानं वर ओढली. मग उजव्या हातानं स्वतःचंच डावं मनगट धरलं आणि खाली दाबायला लागला. दाबतोय, दाबतोय, आणि डावी मूठ काही खाली जात नाही. उघडत नाही. तो रडत होता. मधले गृहस्थ अर्धवट उठले होते. हे समोर भिंतीकडे बघत बसले होते.

मला एका क्षणात सगळं कळलं. ह्यांनी कंट्रोल मागितला होता. उशिरा का होईना, मागितला होता. आणि त्या मुलाचा हात सुटला नव्हता. जमीन अंगावर येताना बघून त्याचा हात त्या दांड्यावर आखडला होता, आणि शेजारी बसून हे आपला दांडा सगळा जीव लावून खाली दाबत होते आणि तो हलत नव्हता. पायलटच्या जातीत याहून मोठी लाज नसते. शिकवणाऱ्यानं कंट्रोल मागितला की हात सोडायचा, ही त्यांची पहिल्या दिवसाची शिकवण. इतके दिवस हे ते एकटेच जाणत होते, आणि माझ्याजवळ, जिच्याजवळ हे आमटीच्या मिठाबद्दलसुद्धा कधी गप्प बसले नाहीत, एक अक्षर बोलले नव्हते.

तो बाहेर आला तेव्हा थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "वहिनी, सर बोलले ते मी ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं नाही. पण हात सुटला नाही. सरांनी जोर लावला तरी सुटला नाही."

"कळलं मला," मी म्हटलं. "बस जरा. पाणी पी."

एवढंच. इतके दिवस साठवलेलं एकही वाक्य मला वापरता आलं नाही.

ह्यांना बाहेर यायला वेळ लागला. आले ते त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "उशीर केलास."

"हो सर."

"मीही केला होता."

निकाल लागला तो दोघांचीही चूक धरून. ह्यांचा अधिकार राहिला, फक्त पाठ बरी होईपर्यंत आणि वरून पुन्हा एकदा ह्यांची परीक्षा होईपर्यंत थांबायचं होतं. त्या मुलाला मात्र जमिनीवर बसवलं, म्हणजे उडवणं बंद. तो ऑफिसात उड्डाणांच्या वेळा लावायचं काम करायचा. त्याचा हात आखडला होता ही गोष्ट फौजेच्या ओळखीपाळखीतून सगळीकडे पोचली. कॅन्टीनमध्ये त्याच्यामागे कुजबुज व्हायची, असं त्याची बायको सांगायची. कंपनीचं म्हणणं होतं, तोच सराव त्यानं पुन्हा करून दाखवावा, जमलं तर ठेवू, नाहीतर त्यानं जावं. प्रश्न होता त्याच्या शेजारी कोण बसणार याचा. दुसऱ्या शिकवणाऱ्यांनी कामाची कारणं सांगितली. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही घरी बायका होत्या.

"मी बसणार," हे म्हणाले.

यावरून आमचं जे भांडण झालं ते सोसायटीत अजून सांगतात. मी काय नाही म्हटलं! तुमची पाठ, तुमचं वय, दुसऱ्यांदा हात नाही सुटला तर? हे ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "मी नाही बसलो तर तो जन्मभर तसाच बसून राहील, मूठ आवळून." त्यावर मी म्हटलं, मग मीही येणार. घरी बसून फोनची वाट बघणं मला एकदा झालं तेवढं पुरे.

ह्यांचा पट्टा सुटला, परीक्षाही झाली. तेच रान, पण आता आजूबाजूच्या मोहरीची कापणी झालेली होती. मी आणि त्याची बायको कंपनीच्या जीपला टेकून उभ्या होतो. हेलिकॉप्टर वर गेलं, लांब गेलं, फिरून आलं. आणि मग त्याचा आवाज एकदम बदलला. इंजिनाची गुरगुर बसली आणि नुसता पात्यांचा सळसळाट राहिला. ते खाली यायला लागलं. इतक्या वेगानं येईल असं मला लाटण्यावरून कधी वाटलं नव्हतं. मी देवाचं नाव घेतलं नाही, मला काही आठवलंच नाही. मी त्या पोरीचा खांदा धरला. ते खाली येत होतं, येतच होतं, आता आपटणार म्हणेपर्यंत त्यानं नाक वर केलं, वेग मारला, आणि धुळीच्या लोटात टेकलं. थोडं घसरत पुढे गेलं आणि थांबलं.

पाती थांबेपर्यंत आम्हाला जवळ जाऊ देत नव्हते. दोघं आत बसून होते. ती पोरगी रडत होती, मीही रडत होते, आणि जीपचा ड्रायव्हर आमच्याकडे पाठ करून विडी ओढत होता.

हे उतरले, हळूहळू, जीपच्या आधारानं पाठ सरळ करत. मी विचारलं, "सगळं त्यानं केलं?"

"टेकवलं त्यानं." हे रुमालानं चेहरा पुसत होते. "पण खाली येताना अर्ध्यावर मी कंट्रोल मागितला."

"का? चुकत होता?"

"नाही. बरोबर करत होता. मुद्दाम मागितला."

"मग?"

"मग दिला त्यानं. त्याच क्षणी. दोन्ही हात वर करून, मला दिसावेत म्हणून." हे रुमालाची घडी करायला लागले. "आणि मग मी तो त्याला परत दिला."